खिडकीतून पाणी, शिट्टी आणि धग: काच बदलण्याआधी या क्रमाने तपासा

ठाण्याच्या घोडबंदर रोडचा टॉवर असो की नवी मुंबईच्या पाम बीच रोडची इमारत, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांच्या तक्रारी ठरलेल्या मोसमात येतात. एप्रिल-मेमध्ये "एसी थांबतच नाही", आणि जूनपासून "खिडकीतून पाणी येतंय". दोन्हीवर उपाय एकच सुचवला जातो: डबल काच लावून घ्या. पाण्याच्या बाबतीत तर काचेचा बहुतेक वेळा काही संबंधच नसतो. दोष ट्रॅकमध्ये असतो, कडेच्या केसाळ ब्रशच्या पट्टीत असतो, नाहीतर फ्रेम आणि भिंतीच्या सांध्यात. उन्हाच्या बाबतीत काचेचा संबंध असतो, पण नुसती काच दुप्पट करून तो सुटत नाही. आकडे पुढे दिले आहेत.

लक्षणं आधी नीट बघा

पाणी कधी सुरू होतं आणि कधी थांबतं, एवढं टिपलं तरी अर्धं निदान होतं. दोन-तीन पावसांत मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. पुढे बिल्डरला किंवा सोसायटीला दाखवायलाही तो लागतो.

- जोराची सर आली की ट्रॅक भरतो, पाणी आतल्या कडेवरून खिडकीच्या कट्ट्यावर सांडतं आणि वारा पडला की थांबतं: दोष खिडकीत आहे, निचऱ्यात किंवा शटरमध्ये, म्हणजे सरकणाऱ्या काचेच्या पल्ल्यात.
- पाऊस सुरू होऊन तास-दोन तासांनी खिडकीशेजारची भिंत ओलावते, पाऊस थांबल्यावरही डाग पसरतो, रंगाचे फुगे येतात: पाणी भिंतीतून किंवा फ्रेमच्या सांध्यातून येतंय. शटरची कितीही दुरुस्ती केली तरी फरक पडणार नाही.
- वरच्या कोपऱ्यातून ठिबकतं: छज्जा, लिंटेलजवळची (खिडकीवरच्या आडव्या तुळईजवळची) भेग, नाहीतर वरच्या मजल्याची खिडकी.
- रात्री शिट्टी वाजते, शटर थडथडतं: ब्रश झिजला आहे किंवा शटर खाली बसलं आहे. हीच खिडकी एसीची गार हवाही बाहेर सोडते.
- पश्चिमेची खोली दुपारी ३ नंतर तापते, बाकी घर ठीक असतं: हे ऊन आहे, फट नव्हे.
- पावसाळ्यात काच बाहेरून घामाघूम होते: एसी १८-२० वर आहे आणि झोत काचेवर जातोय. बाहेरची दमट हवा गार काचेवर पाणी सोडते. ही गळती नाही. झोत वळवा, एसी २४ वर ठेवा.
- डबल काचेच्या आत धुकं दिसतं, जे पुसता येत नाही: काचेच्या कडेचं सील गेलं. त्याला दुरुस्ती नाही, ते काचेचं युनिटच बदलावं लागतं.

पाणी वर चढतं कसं

स्लायडिंग खिडकीत पाणी येतंच, ट्रॅकमध्ये थोडं जमणं हा तिच्या रचनेचाच भाग आहे. ते बाहेरच्या कडेच्या भोकांतून निघून जावं अशी योजना असते. पण वारा बाहेरून दाबत असतो. सेकंदाला मीटरमध्ये वेग घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा: पास्कलमध्ये दाब मिळतो. ताशी ५० किमी वाऱ्याचा दाब पाण्याला १२ मिमी उचलून धरतो, ताशी ७२ किमीचा सुमारे २४ मिमी. म्हणजे ट्रॅकची आतली कड २० मिमी उंच असेल, तर भोकं कितीही साफ असली तरी ताशी ७२ च्या झोतात पाणी आत येणारच. पहिल्या मजल्यावर हीच खिडकी वर्षानुवर्षं कोरडी राहते, कारण तिथे समोरची इमारत वारा अडवते. पाम बीच रोडला पश्चिमेकडे खाडी आहे, मध्ये अडवायला काही नाही, आणि पावसाळी वारा येतो तोही पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच. त्यामुळे एकाच फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी कोरडी आणि खाडीकडची गळकी, असं दिसलं तर दर्जावर लगेच संशय घेऊ नका.

पहिली तपासणी, फुकट: शटर आपापल्या जागी आहेत का

सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष हाच, आणि त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. दोन काचांची शटर जिथे एकमेकांवर येतात, तिथे दोघांच्या उभ्या पट्टीला आकड्यासारखी घडी असते, तिला इंटरलॉक म्हणतात. आकडे एकमेकांत बसले तरच फट बंद होते. दिवाळीच्या साफसफाईत शटर काढून परत लावताना डावं उजवीकडे जातं, किंवा थ्री ट्रॅक खिडकीत मच्छरजाळीचं शटर दोन काचांच्या मध्ये येतं. मग आकडे बसत नाहीत आणि मध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर फट राहते. बाहेरून दिसायला खिडकी बंदच.

दोन्ही शटर दोन टोकांना पूर्ण ढकला, लॉक लावा, आणि मधल्या जोडात जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून बघा. आरपार गेला तर आकडे बसलेले नाहीत. लॉक न लावता खिडकी नुसती 'ओढून' ठेवायची सवय असेल तर वाऱ्याने शटर चार-पाच मिमी मागे सरकतं, तेही बघा.

दुसरी, तीही फुकट: ताबा कधी मिळाला

ताबा मिळून ५ वर्षं झाली नसतील तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. रेरा (बांधकाम व्यवसाय नियमन) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवून दिला, तर प्रवर्तकाने (बिल्डरने) तो ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. फोटो, व्हिडिओ, तारखा जोडून लेखी कळवा. तुम्ही आधीच फ्रेम उचकटली किंवा बाहेर ग्रिल ठोकून घेतलं, तर "हे तुमच्यामुळे झालं" म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

जुन्या इमारतीत भिंतीतून पाणी येत असेल तर सोसायटीला पत्र द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने करायच्या दुरुस्त्यांत धरली आहे. खिडकी तुमची, पण बाहेरची भिंत सोसायटीची.

तिसरी: ट्रॅक आणि पाण्याची भोकं

लागणारं साहित्य: जुना टूथब्रश, व्हॅक्यूम क्लीनर किंवा कोरडा रंगाचा ब्रश, तांब्याभर पाणी.

ट्रॅकमध्ये मेट्रो आणि बांधकामांची धूळ, कबुतरांची पिसं आणि जुनं सिमेंट यांचा घट्ट लगदा झालेला असतो. आधी कोरडं खरवडून उचला, मगच ओलं करा. उलट केलंत तर तोच लगदा भोकांत जाऊन बसतो. मग आतल्या ट्रॅकमध्ये हळूहळू पाणी ओता. मिनिटभरात ते निघून गेलं पाहिजे.

साठून राहिलं तर दोन गोष्टी बघा. बाहेरच्या कडेची भोकं रंगवाल्याने किंवा सिलिकॉन मारणाऱ्याने बुजवली आहेत का? हे सर्रास होतं: गळती थांबवायची म्हणून बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारतात, त्यात पाणी निघायची वाटही बंद होते आणि गळती वाढते. दुसरं, मधल्या ट्रॅकच्या पट्ट्यांना खाचा आहेत का? थ्री ट्रॅकमध्ये आतल्या नाळीतलं पाणी दोन पट्ट्या ओलांडून बाहेर जायचं असतं. बाहेरच्या कडेला भोक आहे पण मधल्या पट्ट्या सलग आहेत, असं काम पुष्कळ ठिकाणी केलेलं असतं. प्रत्येक शटरखाली निदान दोन खाचा हव्यात, साधारण ५ मिमी उंच आणि २५ मिमी लांब. ३-४ मिमीचं गोल भोक पुरत नाही, पाण्याचा थेंबच त्याला बूच मारतो. खाचा नव्याने पाडायच्या तर ॲल्युमिनियमवाल्याला बोलवा. ड्रिल चुकून ट्रॅकच्या तळाला लागलं की पाणी थेट भिंतीत जातं.

फ्रेमला उतार कुठे आहे, तेही इथेच बघून घ्या. पाणसळ नसेल तर गोटी ठेवा. ट्रॅक आतल्या बाजूला कललेला असेल तर साफसफाई, खाचा, काहीच कामाला येणार नाही. फ्रेम काढून पुन्हा बसवावी लागते.

चौथी: ब्रश, रबर आणि रोलर

शटरच्या कडेला केसाळ पट्टी असते, तिला वूलपाइल म्हणतात. दुकानात नुसतं 'खिडकीचा ब्रश' म्हटलं तरी कळतं. दोन-चार उन्हाळ्यांत तिचे केस चपटे होतात, आणि कबुतरं ती उपटूनही नेतात. कुठे गेली आहे ते शोधायला सोपी युक्ती: घराच्या बाकी सगळ्या खिडक्या आणि दारं बंद करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावा आणि पेटती उदबत्ती शटरच्या कडेने सावकाश फिरवा. जिथे धूर आत वळतो तिथे फट आहे. बाथरूमचा गॅस गिझर चालू असताना ही चाचणी करायची नाही. पंखा घरातली हवा ओढतो, आणि गिझरचा विषारी वायू बाहेर जाण्याऐवजी घरात पसरू शकतो.

नवी पट्टी आणताना जुनीचा बोटभर तुकडा बरोबर न्या, कारण पायाची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. पायाची रुंदी चुकली तर पट्टी खाचेत बसत नाही. केस जास्त उंच असले तर शटर ढकलायला दोन माणसं लागतात. केसांच्या मधोमध पातळ प्लास्टिकची पात असलेली पट्टी मिळते, ती घ्या. हवा आणि पाणी दोन्हीला जास्त अडवते.

काचेभोवतीचं रबर कोपऱ्यात आखडून तिथे १०-१५ मिमी मोकळं पडलेलं असतं. तो तुकडा भरून चालत नाही. अख्खी लांबी नवी टाकायची, किंचित जास्त लांब कापून, ताण न देता.

शटर खाली बसलं असेल तर वरची कड ट्रॅकमधून निसटू बघते. शटरच्या बाजूला खालच्या भागात भोक असतं, त्यातून स्क्रू फिरवला की रोलर वर-खाली होतो. दोन्ही बाजू सारख्या करा. स्क्रू फिरतो पण शटर उचललं जात नाही, म्हणजे रोलर संपला. खाडीजवळ लोखंडी बेअरिंगचा रोलर गंजून जातो, म्हणून स्टेनलेस स्टीलचाच मागा.

पण रोलर बदलायला शटर काढावं लागतं, आणि इथे गंमत नाही. काचेचं वजन दर चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे २.५ किलो. चार फूट बाय चार फुटांचं ५ मिमी काचेचं शटर नुसत्या काचेचंच १८ किलोच्या वर भरतं. वर उचलून खालची कड आत घ्यायची, नेहमी दोन माणसांनी, वारा नसताना. बाहेर ग्रिल नसेल आणि मजला उंच असेल तर हे काम घरच्यांनी करू नये.

पाचवी: फ्रेम आणि भिंतीचा सांधा

आता भिंतीकडून येणारं पाणी. फ्रेम आणि गिलावा यांच्यामध्ये केसासारखी भेग असते. ॲल्युमिनियम उन्हात सिमेंटपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे नुसत्या सिमेंटने भरलेला सांधा सुटतोच. त्याला लवचिक सीलंट लागतं, आणि ते बाहेरून. आतून सिलिकॉन मारलं तर पाणी भिंतीत शिरलेलंच असतं, ते दुसरीकडून वाट काढतं. महिन्याभराने खालच्या कोपऱ्यात डाग दिसला की समजायचं.

नळी घेताना 'न्यूट्रल' लिहिलेली घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला धरत नाही आणि धातूलाही खातं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, जुन्यावर नवं चिकटत नाही. सांधा कोरडा हवा, म्हणजे हे काम मेच्या अखेरीपर्यंतच उरकायचं. फट १० मिमीपेक्षा रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा, मग वरून सीलंट, रुंदीच्या निम्म्या खोलीचं. दोरीमुळे सीलंट दोनच कडांना चिकटतं आणि ताणलं तरी तुटत नाही. ६ मिमी रुंद, ६ मिमी खोल सांध्याला ३०० मिलीची नळी साधारण ८ मीटर पुरते. सिलिकॉनवर रंग बसत नाही. रंगवायचं असेल तर पॉलियुरेथेन सीलंट घ्या.

वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत आणखी एक जागा तपासा: बॉक्स ग्रिलचे बोल्ट. ग्रिल बसवताना भिंतीत पाडलेली भोकं नुसत्या सिमेंटने लिंपलेली असतात, बोल्ट गंजून फुगतो, गिलावा फुटतो. एसीच्या पाइपचं भोक आतून बाहेर उतरतं नसेल तर तेही पाणी घरात आणतं.

कड कमी पडत असेल तर

सगळं ठीक आहे, तरी मोठ्या वाऱ्यात पाणी सांडतंच, तेव्हा आतल्या कडेला ॲल्युमिनियमची उभी पट्टी जोडून तिची उंची वाढवता येते. पट्टी ट्रॅकच्या उभ्या कडेलाच स्क्रू करायची, मागे सीलंट. तळाला भोक नाही. स्क्रूने लावलेली हवी, कारण पुढे शटर काढताना ती सोडवावी लागते. दिसायला फार छान दिसत नाही, पण चालते.

सहावी: ऊन

पश्चिमेच्या दीड चौरस मीटर काचेवर मेमधल्या दुपारी दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडतं असं धरू. साधी पारदर्शक काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते: ७२० वॅट. म्हणजे एक टनाच्या एसीची पाचवा हिस्सा ताकद एका खिडकीतच गेली. याउलट बाहेर ३६ आणि आत २५ अंश असताना त्याच काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकाने येणारी उष्णता शंभर वॅटसुद्धा नसते.

साधी डबल काच हा दुसरा, छोटा आकडा निम्मा करते. उन्हाचा आकडा ७२० वरून ६३० च्या आसपास येतो, बस. ज्या काचेवर ऊन परतवणारा लेप आहे आणि जिचा एसएचजीसी (पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते ते प्रमाण) ०.३ आहे, तिच्यातून २७० वॅट येतात. ठाण्यात हा आकडा आधी विचारायचा, यू-व्हॅल्यू (तापमानाच्या फरकाने किती उष्णता जाते ते माप) नंतर. दुकानदार 'डबल ग्लास आहे, लो-ई आहे' एवढंच सांगत असेल तर एसएचजीसीचा तक्ता मागा. लो-ई म्हणजे उष्णता परतवणारा पातळ लेप असलेली काच, पण थंड प्रदेशासाठी असलेली लो-ई काचही असते, ती मुद्दाम ऊन आत घेते.

त्याआधी स्वस्त गोष्टी करा. बाहेरून सावली सर्वात चांगली: बांबूची चटई, बाहेरचं रोलर ब्लाइंड, सोसायटी चालू देत असेल तर. पडदा आत असल्याने ऊन काचेतून शिरल्यावरच अडतं. छज्जा दक्षिणेला उपयोगी, पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला नाही. आणि जूनमध्ये सूर्य आपल्याकडे पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणून 'उत्तरेकडची आहे, ऊन येत नाही' असं म्हणत असाल तर संध्याकाळी एकदा बघून खात्री करा.

फिल्म लावायची तर काचेच्या कोपऱ्यात टफन्ड (तापवून मजबूत केलेली) असल्याचा कोरलेला शिक्का आहे का बघा. साध्या काचेवर गडद फिल्म लावली आणि अर्ध्या काचेवर छज्ज्याची सावली पडत असली, तर तापलेला आणि गार भाग वेगवेगळे फुगतात आणि काच कडेपासून तडकते.

इथे थांबा

- पहिल्या मजल्याच्या वर बाहेरून करायचं कोणतंही काम. दोरावर काम करणारी, सेफ्टी बेल्ट आणि विम्यासह येणारी माणसं सोसायटीमार्फत बोलवा. खिडकीतून वाकून सिलिकॉन मारायचं नाही.
- स्विचबोर्ड किंवा एसीच्या पॉइंटजवळ ओल: त्या सर्किटचा एमसीबी पाडा, आधी इलेक्ट्रिशियन.
- काचेला तडा, मग तो केसाएवढा का असेना.
- खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, नाणं शिरेल एवढी भेग, किंवा वरच्या बीमचं सिमेंट सुटून सळई दिसणं. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे, गवंड्याचं नाही.
- फ्रेमच्या दोन्ही कर्णांच्या मापात ४ मिमीपेक्षा जास्त फरक. फ्रेम काटकोनात नाही, ॲल्युमिनियमवाल्यानेच ती काढून पुन्हा बसवावी लागेल.

नवीनच घ्यायची ठरली तर

पावसाच्या बाजूला कब्जाची खिडकी स्लायडिंगपेक्षा केव्हाही बरी, कारण तिचं रबर दाबून बंद होतं आणि वारा बाहेरून दाबेल तसं, आत उघडणारी नसेल तर, आणखी घट्ट बसतं. बॉक्स ग्रिलमुळे बाहेर उघडत नसेल तर अर्धा भाग पक्का आणि अर्धा स्लायडिंग करा, म्हणजे हलणारे सांधे कमी. स्लायडिंगच हवी तर आतली कड किती मिमी उंच आहे ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. उंच मजल्यासाठी काचेची जाडी आणि ॲल्युमिनियमचं सेक्शन (फ्रेमच्या पट्टीचा आकार) त्यावरून काढलेलं असावं, "सगळे हेच लावतात" हे उत्तर चालणार नाही. यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) खिडकी असेल तर आत स्टीलचा पाइप आहे का, ते कापलेल्या तुकड्यात बघा.

ज्यांचं दुसरं घर महाबळेश्वरला किंवा हिमाचलात आहे, त्यांनी ठाण्याची यादी तिथे नेऊ नये. आत २०, बाहेर उणे ५ असेल तर दीड चौरस मीटरच्या साध्या काचेतून रात्रभर २०० वॅटच्या वर उष्णता बाहेर जाते, आणि दिवसाचं दक्षिणेचं ऊन हवंहवंसं असतं. तिथे कमी यू-व्हॅल्यू, दक्षिणेला जास्त एसएचजीसी आणि थर्मल ब्रेकची फ्रेम, म्हणजे जिच्यात आतला आणि बाहेरचा धातू उष्णता अडवणाऱ्या पट्टीने वेगळा केलेला असतो. महाबळेश्वरला हिमाचलाइतकी थंडी नाही, पण पाऊस प्रचंड, म्हणून तिथे आधी पाण्याचा विचार. आणि समुद्रसपाटीला सील केलेली डबल काच २,००० मीटरवर नेली की बाहेरचा हवेचा दाब सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतो. आतली हवा काचा फुगवते, सील तुटतं, कधी काच फुटते. ऑर्डर देतानाच घराची उंची सांगायची आणि दाब सारखा करणारी बारीक नळी बसवलेलं युनिट मागायचं.

काम कुठलंही असो, शेवटचा हप्ता ट्रॅकमध्ये पाणी ओतून, पुठ्ठा सरकवून आणि उदबत्ती फिरवून झाल्यावर द्यायचा. कारागिरासमोर, त्याची शिडी-ड्रिल अजून घरात असताना.